परसातलं सूर्यफूल आणि राघूचा वाटा

सूर्यफुलावरच्या पत्रांचे या वेळी दोन सरळ ढीग पडले. एका ढिगात पेरणी, पाणी आणि पोचट दाणे. दुसऱ्यात राघू, खारी, मधमाश्या आणि गोगलगायी. उत्तरं लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की दोन्ही ढीग एकच आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट राहून गेली आहे: हे झाड शोभेसाठी लावलं, दाण्यांसाठी लावलं की पाखरांसाठी, हे लावणाऱ्यानं आधी ठरवलेलं नाही.

घरापुढे दहा बाय दहा फुटांची जागा आहे. चांगली काळी माती. सूर्यफूल कधी लावावं, कोणतं लावावं आणि किती झाडं बसतील? — एक वाचक, उदगीर

सूर्यफुलाला दिवस लहान-मोठा झाल्यानं फरक पडत नाही, म्हणून ते खरीप, रब्बी, उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येतं. शेतकऱ्याला ही सोय आहे. घरच्या बागेला मात्र तिन्ही हंगाम सारखे मानवत नाहीत. जुलैत पेरलेलं सप्टेंबरच्या पावसात फुलतं. पराग धुऊन जातो, मधमाश्या पोळ्यातच बसून राहतात आणि चकतीला पाणी लागून ती मागून सडते. फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावर पेरलं, तर फुलोरा एप्रिलच्या उत्तरार्धात येतो. आपल्याकडे मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो, पराग वाळतो आणि दाणा भरत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा परसासाठी सगळ्यांत निवांत काळ. कोरडी हवा, कोवळं ऊन आणि पाहुणे पक्षी, तिन्ही तेव्हाच असतात.

वाणाचं म्हणाल तर कुंपणाच्या उंचीचं झाड हवं असेल तर ‘मॉर्डेन’ घ्या. ते साधारण तीन फुटांपर्यंत वाढतं आणि ८० ते ९० दिवसांत तयार होतं. उंच, मोठ्या चकतीचं हवं असेल तर संकरित वाण घ्या. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रानं काढलेले एलएसएफएच-३५ आणि एलएसएफएच-१७१ हे आपल्याच मातीत तावूनसुलाखून निघालेले आहेत. संकरित वाण ९० ते १०० दिवस घेतात.

काळ्या मातीत पाणी साचलं की सूर्यफुलाची मुळं गुदमरतात. म्हणून वीतभर उंचीचा गादीवाफा करा. चौरस मीटरला एक घमेलं, म्हणजे चार-पाच किलो, कुजलेलं शेणखत आणि ३५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळा. सुपरमध्ये गंधक असतं, तेलबियांना ते लागतंच. युरिया एकूण १५ ग्रॅम पुरे: अर्धा पेरताना, अर्धा महिन्यानं. “जरा जास्त टाकू” म्हणून हात सैल सोडला की झाड ताडासारखं वाढतं आणि पहिल्याच वाऱ्याला आडवं होतं.

वाफा आधी भिजवा आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावर, बी टोचून पेरा. पेरून वरून पाणी दिलं तर काळ्या मातीची खपली धरते आणि कोंब आतच वाकतो. संकरित वाणाला दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. मॉर्डेनला ४५ बाय ३० चालतं. खोली ४ सेंटिमीटर, एका जागी दोन बिया. चार ते सात दिवसांत उगवतं. बाराव्या दिवसापर्यंत प्रत्येक जागी एकच जोमदार रोप ठेवून दुसरं कापून टाका. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. याच कारणानं रोपवाटिकेत वाढवून लावण्याच्या भानगडीतही पडू नका. सूर्यफुलाचं सोटमूळ एकदा दुखावलं की झाड खुरटं राहतं.

तुमच्या जागेत संकरित वाणाची सुमारे ५० झाडं बसतील. ती एकाच दिवशी लावू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन हप्ते करा म्हणजे सव्वा-दीड महिना फुलं राहतील. पण एका हप्त्यात १२ ते १५ पेक्षा कमी झाडंही नकोत, कारण एकाच वेळी अनेक चकत्या उमललेल्या असल्या तरच परागाची देवाणघेवाण नीट होते.

पाणी जमिनीतल्या झाडांना १०-१२ दिवसांनी, चौरस मीटरला ३० लिटर. कळी धरताना, फुलताना आणि दाणा भरताना मात्र एकही पाळी चुकवू नका. टंचाईत अंघोळीचं पाणी चालेल. कपडे धुतल्याचं पाणी टाळा. त्यातल्या सोड्यानं काळी माती चोपण, म्हणजे क्षारट आणि घट्ट, होते आणि पुढची तीन-चार वर्षं कुरकुरत राहते.

उगवण छान झाली. दोनच दिवसांत सकाळी पाहिलं तर नुसते देठ उभे! कुणी खाल्लं असेल? — एक वाचक भगिनी, सेलू

खाणारा आपली सही सोडून जातो, ती वाचायला शिका. बीच उकरून काढलेलं असेल, बाजूला छोटा खड्डा आणि फोडलेलं टरफल दिसत असेल, तर ती खार. दोन जाड दलपानं, म्हणजे उगवताना येणारी पहिली पानं, चोचीनं तोडलेली आणि देठ उभा असेल तर चिमण्या किंवा बुलबुल. देठ जमिनीलगत सफाईनं कापून रोप शेजारीच पडलं असेल तर मातीत दोन बोटं उकरून पाहा. राखाडी रंगाची, हात लावताच वेटोळं करणारी अळी सापडेल. पानांना वेड्यावाकड्या कडा आणि मातीवर वाळलेल्या चिकट रेषा असतील तर गोगलगाय. पावसाळ्यात वाणी, म्हणजे तो पुष्कळ पायांचा लांबट किडा, हीही कोवळी रोपं कुरतडते.

पक्षी आणि खारींवर एकच उपाय करून भागतं. पेरल्यावर वाफ्यावर बोरी-बाभळीच्या काट्या आडव्या पसरा. रोपाला चार खरी पानं आली की काट्या काढा. त्यानंतर पाखरांना ते रोप चवीचं लागत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापून ती टोपीसारखी ठेवायची असेल तर झाकण काढूनच ठेवा. नाहीतर आत वाफ धरून रोप उकडतं.

गोगलगायींनी लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची काय गत केली ती सगळ्यांनी पाहिली आहे. परसात त्या आवरता येतात. संध्याकाळी ओली गोणपाटं वाफ्याशेजारी पसरा, पहाटे उलटवा. खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्याभोवती चार बोटं रुंद चुन्याची रेघ मारा. पाऊस पडला की पुन्हा मारावी लागेल. विषारी गोळ्या मात्र घराच्या अंगणात नकोतच. कुत्री त्या आवडीनं खातात आणि मरतात.

आमचं जुनं घर माळवदाचं आहे, शेजारी नवीन स्लॅब आहे. वर कुंड्यांत सूर्यफूल येईल का? — एक वाचक, पैठण

येईल, पण स्लॅबवर. माळवदावर नको. २० लिटरची एक पिशवी ओल्या मातीसकट २५ ते ३० किलो भरते. वजन एक वेळ खांबांवर घेता येईल. रोजचं झिरपणारं पाणी पांढऱ्या मातीच्या माळवदाला पेलत नाही.

मॉर्डेनसारख्या बुटक्या वाणाला १२ इंच खोल कुंडी पुरते, एका कुंडीत एकच झाड. उंच वाणाला अर्धं पिंप घ्या. निम्मी काळी माती, पाव भाग शेणखत, पाव भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम. निव्वळ काळी माती कुंडीत भरली की ती वाळताना आक्रसते, कडेला फट पडते आणि दिलेलं पाणी मुळांना न लागता त्या फटीतून थेट खाली जातं. “रोज पाणी घालूनही सुकतंय” या तक्रारीमागं बहुधा हेच असतं.

फुलोऱ्यात कुंडीला रोज दोन-तीन लिटर पाणी, तेही सकाळी. गच्चीवर वारा फार. तुराटीचा किंवा बांबूचा आधार पेरतानाच रोवून ठेवा. नंतर खुपसला तर मुळं तुटतात.

आमच्या ओसरीतून सूर्यफुलाची फक्त पाठ दिसते. तोंड शेजाऱ्यांकडे! सूर्याबरोबर फिरायला हवं ना? — एक वाचक, परभणी

फिरतं ते कोवळं झाड. खोडाची पूर्वेकडची बाजू दिवसा जास्त वाढते आणि पश्चिमेकडची रात्री, म्हणून शेंडा दिवसभर वळतो आणि पहाटेपर्यंत परत पूर्वेला येतो. फूल उमललं की ही वाढ थांबते आणि चकती कायमची पूर्वेकडे तोंड करून राहते. यात झाडाचा फायदाच आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की पूर्वाभिमुख चकती सकाळी लवकर तापते आणि पश्चिमेकडे वळवून ठेवलेल्या चकतीपेक्षा तिच्यावर पाचपट कीटक येतात.

तुमची ओसरी झाडांच्या पश्चिमेला असणार. पुढच्या वेळी झाडं ओसरीच्या पश्चिम अंगाला लावा. तोवर शेजाऱ्यांकडे चहाला जा.

चकती ताटाएवढी झाली, पण चोळली तर निम्मे दाणे पोचट. खत कमी पडलं का? — एक वाचक, औसा

खतापेक्षा मधमाशी कमी पडली असण्याची शक्यता जास्त. आधी पोचट दाणे कुठं आहेत ते पाहा. अगदी मधे दोन-तीन सेंटिमीटरचा भाग रिकामा राहणं नेहमीचंच आहे. कडेचे दाणे टपोरे आणि आतला मोठा भाग पोचट असेल तर दाणा भरताना पाणी कमी पडलं. सगळ्या चकतीभर भरलेले आणि पोचट दाणे मिसळलेले असतील तर परागीभवन फसलं.

त्याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो बारक्या फुलांचा मेळा असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्या नुसत्या बोलावण्यापुरत्या. त्यांना दाणा धरत नाही. आतली बारकी फुलं बाहेरून आत, रोज एक ते चार ओळी, अशी आठ-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक फुलात आधी पराग बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसराची दुबेळकी टोकं उघडतात. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग स्वतःला वेळेवर मिळत नाही. शिवाय हा पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं तो फारसा उडत नाही. नव्या संकरित वाणांत थोडंफार स्वपरागीभवन होतं, तरी मधमाशीचा पाय लागला की दाणा भरतो तो वेगळाच.

आपल्याकडे सूर्यफुलावर तीन मधमाश्या दिसतात. झुडपाच्या फांदीला हाताएवढं एकच पोळं करणारी बारीक फुलोरी, झाडाच्या किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी आणि पाण्याच्या टाक्यांना, वडा-पिंपळांना मोठमोठी मोहळं लावणारी आग्या. यांच्या जोडीला काळा-निळा भुंगा येतो. तो गुणगुणत आला की पोरं पळतात, पण बिचारा आपल्याच नादात असतो. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर पानकापी माशीही आसपास आहे असं समजा. ती कीड नाही, तिच्यावर फवारू नका.

यांतलं कुणीच येत नसेल तर हातानं परागीभवन करा. सकाळी ८ ते ११ या वेळात तळहाताला तलम सुती कापड किंवा मलमल गुंडाळायची आणि एका चकतीवरून, मग दुसरीवरून हलका हात फिरवायचा. दाबायचं नाही. एकाआड एक दिवस, चार-पाच वेळा. हात पिवळा झाला नाही तर तुम्ही उशिरा आलात असं समजा. दोन चकत्या तोंडाला तोंड लावून हलक्या घासल्या तरी चालतं.

आणखी एक. पाकळ्या उघडायला लागल्या की बोरॅक्सची एक फवारणी उपयोगी पडते: लिटरला २ ग्रॅम, आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग थंड पाण्यात मिसळलेलं. फवारणी चकतीवरच, आणि मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. मात्रा वाढवू नका. बोरॉन जरा जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.

दारात एवढ्या मधमाश्या येतात की लेकरांना सोडायला भीती वाटते. — एक आजी, नांदेड

आजी, फुलावरची मधमाशी मजुरीला आलेली असते, भांडायला नाही. ती डसते ती मुठीत धरली, पायाखाली आली किंवा केसांत अडकली तर. लेकरं अनवाणी नकोत आणि गळून पडलेल्या पाकळ्यांवर पाय देऊ नये, एवढं बजावा. झाडं दारापासून सात-आठ फूट लांब असली की त्यांची जायची-यायची वाट माणसांच्या वाटेत येत नाही.

भ्यायचं ते आग्या मोहळाला, तेही त्याला छेडलं तर. टाकीला मोहळ असेल तर त्याखाली धूर, फटाके, पोरांचे दगड यांतलं काही नको. घरात कुणाला पूर्वी डंखानं अंगभर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर मात्र सूर्यफूल दारात नकोच.

राघू! सकाळी सहाला थवा येतो आणि सात वाजेपर्यंत चकतीचं खोबरं करतो. जाळी लावली तर त्यात एक अडकून मेला. काय करावं? — एक वाचक, अंबाजोगाई

जाळी आधी काढा. बारीक नायलॉनची सैल जाळी राघूपेक्षा इतरांच्याच जिवावर उठते. बुलबुल, सरडे, उंदरामागं आलेली धामण, सगळे तिच्यात गुरफटतात. जाळी लावायचीच तर जाड दोऱ्याची, चौकटीवर ताणून, झाडापासून हातभर दूर आणि खाली मोकळी कड न ठेवता लावावी लागते. तेवढा खटाटोप दहा झाडांसाठी परवडत नाही.

राघूचं वेळापत्रक पक्कं असतं: उजाडताना आणि उन्हं उतरताना. दाण्यात दूध भरू लागलं की त्याला खबर लागते. म्हणून पाकळ्या सुकल्यावर लगेच, म्हणजे फूल उमलल्यापासून बारा-पंधरा दिवसांनी, चकतीला टोपी घाला. जुन्या सुती लुगड्याची किंवा मलमलीची पिशवी शिवा, चकतीवर सैल चढवा आणि मागं देठाला नाडीनं बांधा. चकतीला कापड चिकटून बसलं तर राघू वरूनच चोच घालतो, म्हणून आत तारेचं किंवा बांबूच्या कामटीचं एक कडं ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी कधीच नको. दोन दिवसांत आत घाम धरतो आणि चकती बुरशीनं काळी पडते. पाकळ्या ताज्या असताना टोपी घालण्याची घाईही नको, मधमाशीच बाहेर राहील.

चमकणारी फीत दोन काठ्यांच्या मधे, झाडांच्या वर फूटभर, थोडा पीळ देऊन ताणली की वाऱ्यावर फडफडते आणि चकाकते. आठवडाभर राघू बिचकतो. मग त्याला कळतं की ही नुसतीच बडबड आहे. फीत दर चार-पाच दिवसांनी जागा बदलून लावली तर थोडी जास्त टिकते. बुजगावण्याची कथा तीच. डबे वाजवायला मात्र माणूस लागतो, आणि सहाला उठणारा माणूस घरात असेल तर बाकी काहीच लागत नाही.

आमचं मत विचाराल तर वाटणी करून टाका. पंधरा झाडांतल्या कुंपणाकडच्या तीन-चार चकत्या उघड्या सोडा आणि उरलेल्यांना टोप्या घाला. उघड्यावर फुकट मिळत असताना राघू टोपीशी झटत बसत नाही. उघड्या चकत्यांवर राघूच येतो असंही नाही. त्यानं सांडलेले दाणे खाली चिमण्या टिपतात, मागून खार येते. राघू पकडून पिंजऱ्यात ठेवण्याचा विचार कुणी सुचवला तर तो गुन्हा आहे हेही सांगून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे.

थंडीत भोरड्यांचे थवे ज्वारीच्या रानांवर ढगासारखे उतरतात. परसातल्या चार सूर्यफुलांसाठी ते सहसा थांबत नाहीत आणि आले तरी किडेही टिपतात. त्यांची धास्ती नको.

कळ्यांवर मुंग्या, पानांवर केसाळ अळ्या, काही पानांच्या कडा पिवळ्या. एकच जालीम औषध सांगा. — एक वाचक, जालना

जालीम औषधानं आधी मधमाशी मरते, अळी शेवटी. फुलोऱ्यात रासायनिक कीटकनाशक नको, ही एक अट पाळा. बाकी एकेक पाहू.

मुंग्यांना हात लावू नका. सूर्यफुलाच्या कळीखालच्या हिरव्या पानांतून गोडसर स्राव येतो, त्यासाठी त्या येतात आणि येता-जाता लहान अळ्याही उचलतात. फक्त कळीखाली मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहा. असला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा.

केसाळ अळ्या लहानपणी एकाच पानाच्या मागं झुंडीनं राहतात आणि त्या पानाची जाळी करतात. तेवढं एक पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की दोनशे अळ्यांचं काम एका मिनिटात होतं. आठ दिवस उशीर केलात तर त्या बागभर पांगतात. हाताला खाज सुटते, हातमोजे घाला.

पानांच्या कडा पिवळ्या होऊन वर वळत असतील तर तुडतुडे. ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: वाळलेल्या निंबोळ्यांची भरड ५० ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी संध्याकाळी, पानांच्या खालून फवारायची. उरलेला अर्क दुसऱ्या दिवशी निकामी होतो.

चकतीत शिरलेली घाटेअळी चिमट्यानं काढा. पाच फुटी काठीला आडवी काठी बांधून बागेत रोवा. कोतवाल आणि वेडे राघू तिच्यावर बसून टेहळणी करतात. वेडा राघू मधमाश्याही खातो, हे खरं. त्याला त्याचा वाटा. पाकळीच्याच रंगाचा, खेकड्यासारखा आडवा चालणारा एक कोळी चकतीवर दबा धरून बसलेला दिसेल. तोही मधमाशी धरतो. त्यालाही राहू द्या.

दोन रोगांना मात्र दयामाया नको. एक केवडा: झाड खुजं राहतं, पानं फिकट, शिरांलगत पिवळी, मागून पांढरी बुरशी, आणि चकती आकाशाकडे तोंड करते. हा रोग भारतात पहिल्यांदा १९८४ मध्ये आपल्याच लातूर भागात आढळला. दुसरा नेक्रोसिस, म्हणजे विषाणूचा रोग: पानाची एक बाजू काळी पडून पिळते, देठावर आणि खोडावर काळे ओरखडे येतात, कळी नीट उमलतच नाही. विषाणूचं माहेर गाजर गवतात. त्याच्या परागातून आणि फुलकिड्यांच्या पाठीवरून तो येतो. अशी झाडं दिसताच उपटून पुरा आणि कंपाउंडबाहेरचं गाजर गवत फुलायच्या आधी काढा. आतली बाग कितीही स्वच्छ ठेवली आणि भिंतीपलीकडं गवत माजलं असलं, तर उपयोग नाही.

घरचंच बी पंधरा दिवसांत परत पेरलं, एकही उगवलं नाही. दुकानातल्या रंगीत पाकिटातलं उगवलं, पण मधमाश्या फिरकत नाहीत. — एक वाचक, कळंब

दोन वेगळी दुखणी आहेत. ताज्या सूर्यफुलाचं बी दीड महिन्याच्या आसपास झोपलेलं असतं. काढणीनंतर ४५ ते ५० दिवस थांबा, मग उगवेल. उलट फार जुनं बीही नको. त्यात तेल असल्यानं ते लवकर खवट होतं आणि उगवण घटते. संकरित झाडाचं बी धरलंत तर पुढची झाडं उंचीला आणि चकतीला एकमेकांशी जुळणार नाहीत. बी धरायचं तर मॉर्डेनसारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं.

रंगीत पाकिटात बहुधा गुलदस्त्यासाठीचा वाण असणार. मेजावर पराग सांडू नये म्हणून असे काही वाण परागरहितच तयार केलेले असतात. मधमाशीला त्यांत थोडा मध मिळतो, पण पोळ्यातल्या पिल्लांसाठी पराग मिळत नाही. गोंड्यासारख्या भरगच्च पाकळ्यांच्या वाणात तर आत शिरायलाच वाट नसते. फुलदाणीसाठी दोन झाडं तशी ठेवा, बाकी साधं तेलाचं सूर्यफूल लावा.

शेतीच्या पाकिटातलं गुलाबी किंवा निळं बी औषध चोळलेलं असतं. उरलं तर पाखरांना टाकू नका.

वीस झाडांच्या बियांचं घाण्यावर तेल निघेल का? — एक वाचक, वसमत

एका चकतीतून साधारण ५० ग्रॅम धरले तर वीस झाडांचं एक किलो बी आणि त्याचं जेमतेम ३०० ग्रॅम तेल. एवढ्यासाठी घाणा कुणी जुंपत नाही. भाजून खा, नाहीतर जवस-कारळासारखी चटणी करा. टरफल काढण्याचा कंटाळा नसेल तर झकास होते.

काढणी कधी करावी आणि नंतर धाटांचं काय करावं? दाणे सांडले की उंदीर येतात, उंदरामागं साप, ही भीती घरच्यांना आहे. आमच्याकडे मोरही येतात. — एक वाचक, पाटोदा

चकतीची पाठ लिंबासारखी पिवळी झाली आणि तिच्याभोवतीची हिरवी पानं तपकिरी पडू लागली की कापा. पूर्ण वाळेपर्यंत झाडावर ठेवली तर निम्मं पीक पाखरांचं. देठाचा वीतभर भाग ठेवून कापा, तीन-चार दिवस उन्हात पालथी वाळवा आणि काठीनं बडवा. दाणा दातानं फोडल्यावर कट्‌ आवाज आला की डब्यात भरा.

धाटं लगेच उपटू नका. निम्मी धाटं कमरेएवढी कापून उभी ठेवा. आतला भेंड मऊ असतो. तो पोखरून काही बारक्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. त्या पोळं करत नाहीत आणि डसायच्याही फंदात पडत नाहीत. उरलेली धाटं तुकडे करून खड्ड्यात घाला. टरफलांचा ढीग मात्र भाजीच्या वाफ्यात नको. सूर्यफुलाच्या अवशेषांतून असं काही सुटतं की शेजारचं बारीक बी दबून राहतं.

उंदरांची भीती रास्त आहे. पाखरांसाठी ठेवलेल्या चकत्या जमिनीवर टाकू नका, भिंतीपासून दूर तारेला टांगा आणि खाली सांडलेलं रोज संध्याकाळी झाडून घ्या. रात्री जमिनीवर दाणा नसेल तर उंदीर नाही. धामण दिसली तर तिला जाऊ द्या. ती बिनविषारी आहे आणि तुमचंच काम करते. पण धामण ओळखता येत नसेल तर कुठल्याही सापाजवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

पाखरांना पाणी ठेवाल ते पसरट मातीच्या भांड्यात, दोन बोटं खोल, आत दोन-चार खडे टाकून. खड्यांवर बसून मधमाश्याही पाणी पितात. पाणी रोज बदला, भांडं दर दोन दिवसांनी काथ्यानं घासा, म्हणजे डासांची अंडी कडेला चिकटून राहणार नाहीत.

मोरांचं म्हणाल तर नायगावचं मयूर अभयारण्य तुमच्याच तालुक्यात, ते येणारच. त्यांचा ओढा कोवळ्या रोपांकडे आणि उकरलेल्या मऊ मातीकडे असतो. पेरणीनंतरचे पहिले वीस दिवस वाफ्यावर बोरीच्या काट्या दाट ठेवा. झाड गुडघ्याच्या वर गेलं की मोर त्याच्याकडे पाहत नाही, खालचे किडे टिपत निघून जातो.